युद्धपटाचा पहिला प्रसंग: शॉट मोजण्यापासून निबंधापर्यंत

युद्धपटाच्या सुरुवातीच्या प्रसंगावर लिहायला सांगितलं की निम्म्या उत्तरांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘प्रसंग इतका खरा वाटतो की आपण रणांगणावरच उभे आहोत.’ वाक्य खोटं नाही, पण ते विश्लेषण नाही. खरं वाटलं ते नेमकं कुठल्या क्षणी, डोळ्यांना काय दिसलं म्हणून, कानांवर काय पडलं म्हणून, आणि तसं वाटायला लावून चित्रपटाने आपल्याला कुणाच्या बाजूला उभं केलं, हे सांगता आलं तरच ते विश्लेषण. मुंबईतल्या मास मीडियाच्या विद्यार्थ्यांना, फिल्म सोसायटीत चर्चेसाठी टिपण करणाऱ्यांना आणि स्वतःच्या समाधानासाठी सिनेमा बारकाईने बघणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी एक पद्धत इथे दिली आहे. एक शनिवार-रविवार मोकळा ठेवा. तेवढा वेळ लागतो.

उदाहरणासाठी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) घेऊ. ६ जून १९४४ च्या सकाळी अमेरिकी सैन्य नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरलं, तो सुमारे २४ मिनिटांचा प्रसंग या चित्रपटाच्या सुरुवातीला आहे. चित्रीकरण मात्र फ्रान्समध्ये झालं नाही. ते १९९७ साली आयर्लंडमधल्या करक्लो इथल्या किनाऱ्यावर झालं. छायालेखन यानुश कामिन्स्की यांचं, संकलन मायकल कान यांचं, ध्वनिआरेखन गॅरी रायडस्ट्रॉम यांचं आणि संगीत जॉन विल्यम्स यांचं. चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाले: दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी आणि ध्वनिपरिणाम संकलन. ही यादी डोळ्यांसमोर असली की प्रत्येक गोष्ट ‘स्पीलबर्गने केली’ असं लिहिण्याची सवय आपोआप सुटते. तुलनेसाठी क्रिस्टोफर नोलन यांचा ‘डंकर्क’ (२०१७) हाताशी ठेवू. दोन्ही चित्रपट दुसऱ्या महायुद्धातल्या समुद्रकिनाऱ्याचे आहेत, पण पद्धती जवळजवळ उलट्या.

एक सूचना आधीच. ओमाहाचा प्रसंग रक्ताने भरलेला आहे. अवयव तुटलेले सैनिक दाखवण्यासाठी खरोखर हात-पाय गमावलेले कलाकार घेतले होते. ज्यांना हे सोसत नाही त्यांनी ‘डंकर्क’ची सुरुवात निवडावी. पद्धत तीच राहते.

आधी प्रत आणि पडदा नीट करा

इथे चूक झाली की पुढचं सगळं चुकतं, आणि ही चूक फार जण करतात. विरार लोकलमध्ये उभ्याने फोनवर बघितलेल्या प्रसंगावर आवाजाविषयी एक ओळही लिहू नये. फोनच्या स्पीकरमधून खर्जाचा आवाज येतच नाही. या प्रसंगातला स्फोटांचा, पाण्याखालचा आणि कान बधिर झाल्यावरचा आवाज बहुतांशी खर्जातच आहे. कान पूर्ण झाकणारा साधा वायरचा हेडफोन पुरे.

टीव्हीवर बघणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा. कंपनीनुसार त्याचं नाव ट्रूमोशन, मोशनफ्लो असं काहीही असतं. ही सोय दोन फ्रेमच्या, म्हणजे चित्रपटातल्या दोन सुट्या चित्रांच्या, मध्ये स्वतःच्या कल्पनेने नव्या फ्रेम भरते आणि चित्र गुळगुळीत करते. या प्रसंगाचं सगळं छायालेखन चित्र खडबडीत, तुटक दिसावं यासाठी केलं आहे. म्हणजे कामिन्स्की यांनी मेहनतीने जे घडवलं, ते टीव्ही पुसून टाकतो. आवाजातला ‘नाइट मोड’ही बंद करा. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो, त्यामुळे शांतता आणि स्फोट यांतलं अंतरच नाहीसं होतं.

हिंदी डब केलेली प्रत नको. डबिंगमध्ये संवाद नव्याने रेकॉर्ड होतात, आणि या प्रसंगात माणसांचे आवाज मुद्दाम गोळीबाराखाली बुडवले आहेत. तो तोल मूळ इंग्रजी आवाजातच सापडतो. सबटायटल पहिल्या फेरीत चालू ठेवा, नंतर बंद करा. अक्षरं खाली आली की डोळा तिकडे जातो आणि चौकटीचा खालचा भाग, म्हणजे या प्रसंगात वाळू, पाणी आणि पडलेली माणसं, बघायची राहतात.

वेळ लिहिताना कुठली प्रत वापरली ते टिपा. जुनी पाल पद्धतीची डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमने चालते, मूळ चित्रपट २४ ने. म्हणून २४ मिनिटांचा प्रसंग तिच्यावर सुमारे २३ मिनिटांत संपतो, आणि दोन मित्रांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा कारण बहुधा हेच असतं. टीव्ही वाहिनीवरून रेकॉर्ड केलेली प्रत कापलेली असू शकते, ती टाळा.

पहिली फेरी: फक्त बघा

पेन खाली ठेवा. प्रसंग एकदा सलग बघा आणि संपल्यावर दहा मिनिटांत आठवेल ते लिहा. काय आठवलं यापेक्षा काय विसरलात ते पुढे महत्त्वाचं ठरतं, म्हणून हा कागद जपून ठेवा.

पहिला प्रसंग कुठे सुरू होतो?

‘ओमाहा किनाऱ्यावरून’ असं उत्तर आलं तर थांबा. चित्रपट तिथे सुरू होत नाही. आधी दिसतो फडफडणारा अमेरिकी झेंडा, ज्यातून ऊन आरपार येतं आणि रंग फिकट दिसतात. मग नॉर्मंडीतली युद्धस्मशानभूमी, एक म्हातारा, मागे चालणारं त्याचं कुटुंब. विल्यम्स यांचं संगीत इथे आहे. म्हातारा एका क्रुसासमोर गुडघ्यांवर बसतो, कॅमेरा त्याच्या डोळ्यांजवळ जातो, समुद्राचा आवाज वाढतो आणि कट होऊन किनारा दिसतो.

या तीन-चार मिनिटांकडे दुर्लक्ष करणं ही या प्रसंगाच्या अभ्यासातली सर्वांत मोठी चूक आहे. लढाईतला प्रत्येक निर्णय स्मशानातल्या निर्णयाच्या विरुद्ध उभा केला आहे: स्थिर कॅमेऱ्यापुढे हलता कॅमेरा, शिस्तीत रोवलेल्या पांढऱ्या क्रुसांपुढे वेड्यावाकड्या पडलेल्या लोखंडी अडथळ्यांच्या फुल्या, संगीतापुढे संगीताचा अभाव. आधीचा भाग कापला तर नंतरचा भाग कशाच्या विरोधात आहे हे सांगताच येत नाही. तुमच्या निबंधाची हद्द इथूनच आखा. शेवट मेलेल्या सैनिकांवरून फिरत कॅमेरा एका पाठपिशवीवरच्या ‘रायन’ या नावाशी थांबतो तिथे ठेवा.

शॉटचा तक्ता

शॉट म्हणजे एका कटापासून पुढच्या कटापर्यंतचं सलग चित्रण. पूर्ण २४ मिनिटांचा तक्ता करायला बसू नका. दोन-दोन मिनिटांचे तीन तुकडे निवडा: होडीचं दार उघडण्याआधीचं मिनिट आणि नंतरचं मिनिट; चित्रपटाचा नायक कॅप्टन मिलर याला ऐकू येईनासं होतं तो भाग; आणि शेवटची, गोळीबार थांबल्यानंतरची दोन मिनिटं. पहिल्यांदा करत असाल तर एका तुकड्याला दीड-दोन तास जातात.

वहीचं पान आडवं धरा आणि रकाने आखा: क्रमांक, सुरुवातीची वेळ, लांबी सेकंदांत, आकार (क्लोज-अप, मिड, लाँग), कॅमेऱ्याची उंची, हालचाल, चौकटीत काय, आवाजात काय. शेवटचा रकाना सर्वांत रुंद ठेवा, तो नेहमी कमी पडतो. ‘अर्थ’ नावाचा रकाना मात्र आखू नका. या टप्प्यावर अर्थ लिहायला लागलात तर डोळा पुढचं बघायचं सोडतो.

व्हीएलसी प्लेयरमध्ये इंग्रजी ‘ई’ची कळ दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं. यूट्यूबवर चित्र थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी मागे-पुढे जाता येतं. ओटीटीवर ही सोय सहसा नसते आणि स्क्रीनशॉटही काळा येतो. तिथे हाताने चौकट काढा. या चित्रपटाची चौकट १.८५:१ आहे, म्हणजे ८ सेंटिमीटर रुंदीला साधारण ४.३ सेंटिमीटर उंची. चित्रकला येत नसली तरी चालतं. माणूस कुठे आहे आणि क्षितिज किती उंचीवर आहे, एवढं काढलं की काम होतं. क्षितिज कुठे आहे हे काढताना एक गोष्ट हाताला कळते: या प्रसंगात कॅमेरा बराच वेळ पडलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. उभ्या माणसाला किनारा जसा दिसतो तसा तो इथे फार क्वचित दिसतो.

कट मोजताना दोन ठिकाणी फसगत होते. कॅमेरा पाण्यात बुडतो-वर येतो तेव्हा, आणि पाण्याचे-रक्ताचे थेंब काचेवर उडतात तेव्हा, कट लपलेला असू शकतो किंवा नसलेला कट असल्यासारखा वाटतो. तिथे फ्रेम-फ्रेम पुढे जा. तरीही ठरवता आलं नाही तर प्रश्नचिन्ह घालून पुढे सरका.

आता सरासरी काढा: एकूण सेकंद भागिले शॉटची संख्या. समजा १२० सेकंदांत १८ शॉट भरले, तर सरासरी ६.७ सेकंद. पण सरासरीवर थांबू नका. सर्वांत लांब शॉट कुठला आणि सर्वांत आखूड कुठला, हे शोधा. युद्धाचा प्रसंग म्हणजे भराभर कट, असं आपण गृहीत धरून बसलेलो असतो. तक्ता केला की दिसतं की गोंधळ संकलनापेक्षा जास्त चौकटीच्या आत आहे: कॅमेरा एका माणसाच्या मागे धावतो, वाटेत तीन माणसं पडतात, आणि कॅमेरा त्यांच्यासाठी थांबत नाही. मेलेल्या माणसासाठी वेगळा शॉट न देणं हा निर्णय आहे. त्याचं मृत्यूविषयीचं म्हणणं हजार संवादांपेक्षा स्पष्ट आहे.

दुसरी फेरी: डोळे मिटून

पडदा झाका आणि फक्त ऐका. एका कागदावर आडवी रेघ म्हणजे वेळ आणि उभी म्हणजे आवाजाची पातळी, असा हाताने आलेख काढत जा. शब्द लिहायचे ते आवाजाच्या उगमाचे: लाट, इंजिन, उलटी, गोळी लोखंडावर, गोळी वाळूत, गोळी पाण्यात, ओरडणं.

पहिली नोंद संगीताची. लढाई चालू आहे तोवर पार्श्वसंगीत एकदाही येत नाही. संगीत आपल्याला सांगतं की आता घाबरा, आता रडा, आता अभिमान बाळगा. ते काढून घेतल्यावर प्रत्येक मृत्यूकडे कसं बघायचं हे प्रेक्षकावर येऊन पडतं. ‘डंकर्क’ची सुरुवात याच्या शेजारी ठेवून ऐका. तिथे हान्स झिमर यांचं संगीत आहे, त्यात घड्याळाची टिकटिक मिसळलेली आहे, आणि काळ कमी पडतोय ही जाणीव मुख्यतः तिच्यातून येते. एकात संगीत नसल्यामुळे ताण, दुसऱ्यात संगीत थांबतच नाही म्हणून ताण. ‘संगीतामुळे ताण वाढतो’ असं सरसकट वाक्य लिहिणाऱ्याला ही एक तुलना पुरेशी आहे.

दुसरी नोंद बधिर झालेल्या कानांची. जवळ स्फोट होतो आणि मिलरला काही ऐकू येईनासं होतं. इथे अनेक जण ‘शांतता’ असा शब्द लिहितात. शांतता नाही. घुमल्यासारखा, शंख कानाला लावल्यासारखा आवाज आहे. गेली आहे ती फक्त आवाजाची धार. फरक समजून घ्यायचा असेल तर दादर स्टेशनच्या पुलावर गर्दीच्या वेळी दोन्ही कानांत घट्ट बोटं घालून मिनिटभर उभे राहा. फेरीवाल्याची आरोळी, शिट्टी, बोलणं यांतले शब्द जातात. खालून जाणाऱ्या गाडीचा धडधडाट मात्र राहतो, तो छातीत जाणवतो. वरच्या पट्टीचे आवाज गाळून खर्ज ठेवला की असंच होतं, आणि ध्वनिआरेखक तेच करतो. त्या भागात चित्रही रेंगाळतं, तुटक होतं. तुटलेला हात उचलून चालणारा सैनिक आपण मिलरच्या डोळ्यांनी आणि मिलरच्या कानांनी बघतो. समोरचा सैनिक तोंड हलवतो, शब्द नाहीत. मग चढत जाणाऱ्या तीक्ष्ण सुरासह सगळा आवाज एकदम परत येतो.

नेमकी नोंद अशी करावी: आवाज कुणाच्या कानात आहे? होडीत आणि किनाऱ्यावर तो सगळ्यांचा आहे, या भागात एकट्या मिलरचा. पाण्याखाली तो बुडणाऱ्या कुणाही सैनिकाचा आहे, ज्याचं नावही आपल्याला माहीत नाही. पाण्यात डोकं गेलं की गोळीबार दूर जातो आणि क्षणभर सुरक्षित वाटतं. तेवढ्यात गोळ्या पाण्यातून रेघा मारत येतात. कानाला वाटलेली सुरक्षितता डोळा खोटी ठरवतो. ही चाळीसेक शब्दांची नोंद अर्ध्या पानाच्या कौतुकापेक्षा वजनदार आहे.

शटर: सगळे उल्लेख करतात, थोडेच समजून घेतात

फिल्म कॅमेऱ्यात प्रत्येक फ्रेमपुढे एक अर्धगोल पाती फिरते. तिच्या उघड्या भागाचा कोन म्हणजे शटर अँगल. नेहमीचा कोन १८० अंश. हिशेब सोपा: कोन भागिले ३६०, आणि त्याला पुन्हा सेकंदातल्या फ्रेमने भागा. २४ फ्रेमला १८० अंशांवर प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या ४८व्या भागाएवढी उघडी राहते, ९० अंशांवर ९६व्या, ४५ अंशांवर १९२व्या. कामिन्स्की यांनी या प्रसंगात ९० आणि ४५ अंश वापरले.

फ्रेम कमी वेळ उघडी राहिली की हालचालीचा फराटा उमटत नाही. उडालेल्या वाळूचा एकसंध ढग दिसण्याऐवजी सुटासुटा कण दिसतो. धावणारा माणूस प्रवाही दिसत नाही, जागा बदलत बदलत पुढे सरकतो. मेंदूला दोन फ्रेम जोडायला मदत मिळत नाही, आणि बघणाऱ्याला विनाकारण दचकल्यासारखं होतं. याला स्लो मोशन म्हणू नका. वेग तोच आहे, फराटा गेला आहे. परीक्षेत हा घोटाळा सर्वांत जास्त होतो.

हे वाचून पटत नाही, करून बघावं लागतं. फोनच्या प्रो मोडमध्ये व्हिडिओ २४ फ्रेमवर ठेवा, स्टॅबिलायझेशन बंद करा. दादर चौपाटीवर ऊन उतरल्यावर, साडेपाचच्या सुमारास जा. मित्राला ओली वाळू मूठभर उधळायला सांगा. एकदा शटर १/५० वर, एकदा १/२०० वर. १/२०० वर प्रकाश चौपटीने कमी होतो, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, १०० असेल तर ४०० करा, नाहीतर चित्र काळं पडेल आणि तुम्ही तुलना वाळूची नव्हे, अंधाराची कराल. भर दुपारी जाऊ नका. फोनचं भिंगाचं छिद्र बहुतेक वेळा कायम असतं, त्यामुळे १/५० वर कडक उन्हात सगळं पांढरं फटक होतं. घरात ट्यूबलाइटखाली तर हा प्रयोग करूच नका. आपली वीज ५० हर्ट्‌झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि १/२०० वर चित्रात पट्टे किंवा फडफड येते.

दोन्ही तुकडे लागोपाठ बघितले की ओमाहाच्या प्रसंगात कुठे कोन अरुंद आहे हे तुमचं तुम्हाला ओळखता येतं. आणि जिथे ओळखता आलं नाही तिथे तसा दावा करू नका. ‘४५ अंशांचं शटर’ हे शब्द वाचलेले असणं आणि अमुक शॉटमध्ये ते दिसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रंगांबद्दल थोडक्यात. भिंगांवरचा संरक्षक थर काढून टाकला होता, म्हणून प्रकाश पसरट आणि कडा मऊ दिसतात. प्रिंट धुताना चांदीचे काही कण मुद्दाम राखले, म्हणून काळा रंग गडद आणि बाकीचे विटलेले आहेत. तुम्ही बघताय ती डिजिटल प्रत आहे, थिएटरमधली फिल्म नव्हे. तेव्हा रासायनिक प्रक्रियेवर पानभर लिहिण्यापेक्षा विटलेल्या रंगांत रक्ताचा लाल कुठे उठून दिसतो आणि कुठे तोही मातकट होतो, ते शॉट क्रमांकासह लिहा.

कॅमेरा कुठे उभा राहू शकला असता?

हा प्रश्न प्रत्येक शॉटला विचारा. प्रसंगाचं एकूण रूप युद्धवार्तापटासारखं, म्हणजे त्या काळी थिएटरात दाखवल्या जाणाऱ्या युद्धाच्या बातम्यांच्या चित्रफितींसारखं आहे: हातातला कॅमेरा, काचेवर थेंब, स्फोटाने हललेलं चित्र. युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापा यांनी त्याच सकाळी ओमाहावर काढलेली हललेली, धूसर छायाचित्रं या रूपामागे आहेत. युद्धात चित्रण करणारे अनेक जण आयमो नावाचा चावीवर चालणारा कॅमेरा वापरत. त्यात १०० फुटांचं रीळ बसे, म्हणजे २४ फ्रेमच्या वेगाने सुमारे ६७ सेकंद. आपल्याकडेही १९४३ पासून ‘इंडियन न्यूज परेड’ हे वार्तापट निघत, आणि १९४८ मध्ये सरकारी माहितीपट आणि वार्तापट काढणारी फिल्म्स डिव्हिजन आली. पेडर रोडवर गुलशन महालात राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे जुनी यंत्रं प्रत्यक्ष बघून या. असलं यंत्र हातात धरून वाळूत पडलेला माणूस काय टिपू शकला असता, याचा अंदाज येतो.

मग तक्त्याकडे परत या आणि खूण करा: हा शॉट वार्तापटवाल्याला मिळाला असता का? होडीत, हो. वाळूत अडथळ्याआड, कदाचित. पाण्याखाली, नाही. जर्मन मशिनगनवाल्याच्या खांद्यामागून, मुळीच नाही. बंकरमधला तो शॉट नीट बघा. तिथून किनारा स्पष्ट दिसतो, माणसं ठिपक्यांएवढी, आणि बंदूक चालवणाऱ्याचा चेहरा आपल्याला दाखवलेला नाही, फक्त काळी आकृती आहे. खाली असणाऱ्याला काही दिसत नाही आणि वर असणाऱ्याला सगळं दिसतं, हा लढाईचा भूगोल दोन शॉटांत समजतो. पण त्याच वेळी शत्रूचा चेहरा नाकारलेला आहे. चित्रपट कुणाचं दुःख मोजतो आणि कुणाचं नाही, यावर तुम्हाला लिहायचं असेल तर पुरावा इथे आहे.

‘डंकर्क’ यापुढे जातो. सहा सैनिक निर्मनुष्य गल्लीतून चालतात, वरून पत्रकं पडतात, अचानक गोळ्या सुरू होतात, आणि गोळ्या झाडणारा दिसतच नाही. पडद्यावरच्या मजकुरात जर्मन हा शब्दही नाही, नुसतं ‘शत्रू’ म्हटलं आहे. कॅमेरा पळणाऱ्या पोराची पाठ सोडत नाही. ओमाहात आपल्याला शत्रूची नजर क्षणभर उसनी मिळते, इथे ती कधीच मिळत नाही. दोन्ही किनाऱ्यांवरची भीती म्हणून वेगळ्या जातीची आहे.

डोळ्यांवरून किनाऱ्यावरचा कट

आता त्या पहिल्या कटाकडे. चेहऱ्याजवळ जाणारा कॅमेरा, मग दुसरा काळ: सिनेमाच्या नेहमीच्या व्याकरणात याचा अर्थ ‘ही या माणसाची आठवण’ असा होतो. किनाऱ्याकडे जाणाऱ्या होडीत आधी दिसतो थरथरणारा हात, आणि मग त्या हाताच्या मालकाचा, कॅप्टन मिलरचा चेहरा. आपण सहज जोडतो की म्हातारा म्हणजे मिलर. चित्रपटाच्या शेवटी कळतं की म्हातारा रायन आहे, ज्याला शोधून परत आणायला मिलर आणि त्याचे सैनिक पाठवले जातात. रायन छत्रीधारी सैनिक, तो ओमाहावर उतरलाच नव्हता.

म्हणजे २४ मिनिटं आपण जी ‘आठवण’ बघितली ती त्या म्हाताऱ्याची असूच शकत नाही. काही समीक्षक याला फसवणूक म्हणतील, आणि तसं म्हणायला जागा आहे. आम्हाला दुसरं वाचन जास्त पटतं: जो वाचला त्याच्या डोळ्यांत, त्याच्यासाठी मेलेल्यांनी बघितलेलं घातलं आहे. प्रसंगाच्या शेवटी पाठपिशवीवर जे ‘रायन’ नाव दिसतं तेही त्याच्या मेलेल्या भावाचं. तुम्ही कुठलाही पक्ष घ्या, पण कट, समुद्राचा आवाज आणि थरथरणारा हात या तीन नोंदींवर तो उभा करा.

लिहायला बसताना

१५०० शब्दांच्या निबंधात सात तंत्रं कोंबू नका. तीन पुरतात. १५० शब्द प्रस्तावनेला, प्रत्येकी ४०० शब्द तीन मुद्द्यांना, उरलेले १५० तुलनेला. प्रत्येक मुद्द्यात क्रम असा ठेवा: कुठल्या वेळी काय दिसतं-ऐकू येतं, ते कुठल्या तंत्राने घडतं, बघणाऱ्याला काय होतं, त्यातून चित्रपट काय म्हणतो. शेवटची पायरी गाळली तर निबंध तांत्रिक यादी होतो. पहिली गाळली तर प्रवचन होतं.

‘हँडहेल्ड कॅमेऱ्यामुळे युद्धाचा गोंधळ प्रभावीपणे दाखवला आहे’ हे वाक्य कुठल्याही युद्धपटाला चिकटवता येतं, म्हणून ते निरुपयोगी. त्याऐवजी असं काही लिहा:

‘दार उघडताच होडीतली पहिली रांग जागेवर कोसळते. ज्यांचे चेहरे आपण मिनिटभर निरखत होतो, त्यांच्यातले कोण मेले हे कळायच्या आत कॅमेरा होडीच्या कडेवरून इतरांसोबत पाण्यात जातो. वेगळा क्लोज-अप कुणालाच मिळत नाही. कॅमेरा माणसासारखाच जीव वाचवायला पळतो, आणि त्यामुळे मागे राहिलेल्यांकडे वळून न बघण्याचा दोष प्रेक्षकाच्याही वाट्याला येतो.’

इतिहासाशी ताडून बघणार असाल तर एक मुद्दा पुरेसा आहे: प्रत्यक्ष चकमक कित्येक तासांची, चित्रपटात ती २४ मिनिटांची. काय दाबून आखूड केलं ते शोधा. गणवेशावरची बटणं चूक की बरोबर, यात शब्द घालवू नका. तो वेगळा अभ्यास आहे.

मसुदा झाल्यावर पहिल्या फेरीनंतर दहा मिनिटांत लिहिलेला तो कागद काढा. तुम्ही विसरलेल्या गोष्टींत झेंडा आणि स्मशान असेल तर लढाईच्या आवाजाने ते पुसून टाकलं असा त्याचा अर्थ. तो परिणामही मुद्दाम घडवलेला आहे, आणि शेवटच्या १५० शब्दांत त्याला जागा द्या.